चित्रफितींचे रोगनिदान

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, बर दुबई येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





डॉक्टर बोलायला उभी राहिली की मधुमेह नाहीतर रक्तदाब, अशी आपणा सर्वांची रास्त अपेक्षा असते. यंदा कार्यकारिणीने मला तो विषय दिलेला नाही. आपल्या कार्यक्रमांच्या चित्रीकरणाचे संकलन करण्याचे काम गेली अनेक वर्षे, दवाखाना बंद झाल्यावरच्या वेळात, मी करीत आले आहे. त्या चित्रीकरणाच्या डीव्हीडी का चालत नाहीत, व्हिडिओचे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर करताना काय बिघडते, आणि जुन्या कॅसेटींचे काय करावे, याविषयी दोन शब्द सांगावेत अशी सूचना आली. विषय रूक्ष वाटेल, परंतु आपल्यापैकी प्रत्येक घरात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चपलांच्या रिकाम्या खोक्यात भरून ठेवलेल्या कॅसेटी आणि तबकड्या आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा विषय घरचाच आहे.

प्रथम एका शंकेचे निरसन करते. आपली मुले विचारतात की आजच्या काळात डीव्हीडी हवीच कशाला? त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. परंतु ही फिल्म आपण कोणासाठी पाठवतो? वर्धा, अकोला, बुलढाणा, नांदेड या जिल्ह्यांतील गावी राहणाऱ्या आपल्या आईवडिलांसाठी, सासूसासऱ्यांसाठी. पंधरा वर्षांपूर्वी आपणच येथून नेऊन दिलेला डीव्हीडी प्लेयर त्यांच्या टीव्हीशेजारी आहे, त्याचे बटण त्यांना ठाऊक आहे. मोबाइलच्या टीचभर पडद्यावर नातवंडाचा चेहरा डोळे बारीक करून पाहण्यापेक्षा टीव्हीपुढे चार शेजारी जमवून पाहणे त्यांना अधिक आवडते. ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांनी आपली सोय पाहायची, की आपण त्यांची?

असो. आता तक्रारींकडे वळू. जयंतीच्या कार्यक्रमाची संकलित फिल्म आपण सुट्टीवर जाणाऱ्या सदस्यांबरोबर गावी पाठवतो, आणि जून-जुलैमध्ये फोन येऊ लागतात. कोणी सांगते नुसता आवाज येतो, चित्र नाही. कोणी सांगते अर्ध्या तासानंतर चित्र अडकते. एका आजोबांनी तर मला स्पष्टच सांगितले, "डॉक्टरबाई, आमचा डबा तुमची शिडी घेतच नाई." या सर्व तक्रारी घरातले तरुण एकाच वाक्यात उरकतात, डीव्हीडी खराब आहे. दवाखान्यात येऊन रुग्णाने "बरे वाटत नाही" म्हणावे, तसे हे आहे. दुखते कोठे, कधीपासून, जेवणाआधी की नंतर, हे विचारल्याशिवाय गोळी लिहून देणारा डॉक्टर जसा निष्काळजी, तसाच एक डिस्क चालली नाही म्हणून त्याच पद्धतीने दुसरी आणि तिसरी डिस्क वाया घालवणारा माणूस.

चित्रीकरण कॅमेऱ्यातून टीव्हीपर्यंत पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जाते. मूळ चित्रण असते. त्याचे संगणकावर संकलन होते. संकलित फिल्मचे डीव्हीडीला मानवणाऱ्या स्वरूपात रूपांतर होते. त्यातून मेनू, प्रकरणे इत्यादींची रचना तयार होते. ती रचना कोऱ्या डिस्कवर लिहिली जाते. आणि शेवटी प्लेयर ती वाचतो. दोष यांपैकी कोणत्या टप्प्यावर शिरला हे शोधणे म्हणजेच निदान, आणि ते शोधण्याची रीत सोपी आहे: मागून पुढे यावे. डिस्क त्याच घरातील दुसऱ्या प्लेयरवर आणि संगणकावर चालवून पाहावी. तेथे चालली तर दोष प्लेयरच्या आवडीनिवडीचा. न चालल्यास, डिस्कवर लिहिण्यापूर्वी संगणकात तयार झालेले फोल्डर व्हीएलसीसारख्या मोफत प्रोग्राममध्ये उघडावे. ते नीट चालत असेल तर दोष डिस्कवर लिहिण्यात आहे. तेही अडखळत असेल तर आणखी एक पाऊल मागे, रूपांतरित फाइलकडे जावे. संकलनाच्या टाइमलाइनवरच आवाज पुढे-मागे असेल, तर पुढच्या कोणत्याही टप्प्यावर कितीही प्रयत्न केले तरी उपयोग नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एकदम तीन औषधे बदलली आणि ताप उतरला, तर तो कशाने उतरला हे कोण सांगणार?

सर्वांत अधिक आढळणारा दोष खरे तर दोष नव्हेच, तो गैरसमज आहे. संकलन संपल्यावर जी एमपी-फोर फाइल मिळते ती आपली मुले डिस्कवर तशीच उतरवतात. ती डिस्क म्हणजे फाइल ठेवलेली पिशवी झाली, डीव्हीडी-व्हिडिओ नव्हे. डीव्हीडी-व्हिडिओ हे १९९६ साली जपानमध्ये बाजारात आलेले स्वरूप आहे, आणि त्याचे नियम तेव्हापासून ठरलेले आहेत. चित्र एमपेग-२ या पद्धतीने बांधलेले असावे लागते. आपल्याकडील पाल पद्धतीत त्याचा पूर्ण आकार ७२० बाय ५७६ ठिपक्यांचा आणि वेग सेकंदाला २५ चौकटींचा असतो. आवाज ४८ किलोहर्ट्झचा हवा. डिस्कच्या मुळाशी व्हिडिओ-टीएस नावाचे फोल्डर असावे लागते, आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी या तीन प्रकारच्या फाइली असतात. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज, आयएफओमध्ये त्याची अनुक्रमणिका, आणि बीयूपी ही त्या अनुक्रमणिकेची राखीव प्रत. प्रत्येक व्हीओबी एक गिगाबाइटच्या आत तोडलेली असते, त्यामुळे एका फिल्मचे चार-पाच तुकडे दिसले तर घाबरू नये. पुष्कळांनी हे सर्व बरोबर करूनही व्हिडिओ-टीएस फोल्डर "जयंती फायनल" अशा नावाच्या दुसऱ्या फोल्डरच्या पोटात ठेवलेले मी पाहिले आहे. संगणकाला ते सापडते. प्लेयरला सापडत नाही, कारण तो फक्त दारात पाहतो, आतल्या खोलीत जात नाही.

रूपांतर आणि रचना करण्यासाठी डीव्हीडी-स्टायलरसारखे मोफत प्रोग्राम आजही मिळतात. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काही आवृत्त्यांबरोबर येणारा डीव्हीडी मेकर पुढे विंडोज ८ पासून काढून टाकण्यात आला, हे अनेकांना ठाऊक नसते. नवा संगणक घेतल्यावर ते तो शोधत बसतात. हँडब्रेक हा प्रोग्राम उत्तम आहे, परंतु त्याचे काम उलट दिशेचे: डीव्हीडीतून फाइल काढण्याचे. त्याच्याकडून डीव्हीडी तयार होत नाही.

आता थोडे गणित. डिस्कच्या वेष्टनावर ४.७ गिगाबाइट लिहिलेले असते आणि संगणक ४.३८ दाखवतो, म्हणून दुकानदाराशी वाद घालणारे सद्गृहस्थ मला माहीत आहेत. दुकानदार निर्दोष असतो. कारखाना एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माल तेवढाच असतो. महत्त्वाचा प्रश्न आहे तो या जागेत किती वेळाची फिल्म बसवायची हा. एक तासाची फिल्म असेल तर सेकंदाला सुमारे ८ मेगाबिट देता येतात आणि चित्र स्वच्छ राहते. यापेक्षा पुष्कळ अधिक देण्याचा मोह टाळावा, कारण डीव्हीडीची कमाल मर्यादा आवाज धरून १०.०८ मेगाबिट आहे, आणि मर्यादेच्या काठावर लिहिलेली घरगुती डिस्क जुन्या प्लेयरवर अडखळते. दोन तासांची फिल्म असेल तर आवाजासह जेमतेम ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. तीन तासांची असेल तर साडेतीनच्याही आत.

आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जयभीम कॉम्रेड' हा माहितीपट १९९ मिनिटांचा आहे. तेवढ्या लांबीची फिल्म एकपदरी डिस्कवर कोंबली, तर सेकंदाला ३.१ मेगाबिट उरतात. एवढ्या तुटपुंज्या शिध्यात उभा राहून बोलणारा माणूस ठीक दिसेल. परंतु मिरवणूक, लेझीम, हवेत उडणारा गुलाल, निळ्या झेंड्यांचा समुद्र, जेथे चित्रातील प्रत्येक ठिपका हलत असतो, तेथे चौकोनी ठोकळे दिसू लागतील. आणि आपल्या फिल्मांत मिरवणूक असतेच! अशा वेळी दुपदरी ८.५ गिगाबाइटची डिस्क घेण्याचा सल्ला दिला जातो. माझे मत विरुद्ध आहे. दुपदरी डिस्क महाग, लिहिताना बिघडण्याचा संभव अधिक, आणि जुने प्लेयर ती कुरकुरत वाचतात. दोन साध्या डिस्क कराव्यात: पहिलीवर भाषणे, दुसरीवर सांस्कृतिक कार्यक्रम. भाषणे कोणी पाहात नाही असे म्हणतात. ते खरे नाही, त्याविषयी पुढे बोलणारच आहे.

चित्राच्या काही विकारांचे मूळ मात्र इतिहासात आहे. भारतात आणि येथे अमिरातीत टीव्हीची पद्धत पाल होती: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेतील नातलग एनटीएससी पद्धतीच्या, ५२५ रेषांच्या आणि जवळजवळ ३० चौकटींच्या कॅसेटी पाठवत. डीव्हीडी तयार करताना प्रोग्राममध्ये एनटीएससी निवडलेले राहून गेले, तर गावाकडच्या जुन्या टीव्हीवर चित्र काळे-पांढरे होते किंवा खालून वर सरकत राहते. हा प्रोग्राम अमेरिकेत तयार झालेला असला की ती निवड आधीच करून ठेवलेली असते, म्हणून तेवढे एकदा पाहून घ्यावे.

दुसरा विकार अधिक फसवा आहे. जुन्या कॅमेऱ्यांतील प्रत्येक चौकट दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते: एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रे एकापाठोपाठ येतात. मिनी-डीव्हीच्या पाल कॅसेटीत सम, म्हणजे खालचे, अर्धे चित्र आधी येते. व्हीएचएस संगणकात घेणारी बहुतेक साधने आणि नंतरचे एचडी कॅमेरे वरचे आधी देतात. संकलनात दोन्ही मिसळले आणि रूपांतराच्या वेळी क्रम चुकला, तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे आणि अर्धे पाऊल मागे अशी होते. हात हलवणाऱ्या वक्त्याला कंपवात झाल्यासारखा दिसतो. हा दोष संगणकाच्या पडद्यावर पुष्कळदा लक्षातच येत नाही, टीव्हीवर येतो. म्हणून वीस प्रती काढण्यापूर्वी एक प्रत जुन्या टीव्हीवर, हालचाल असलेल्या जागी, पाहावी.

आवाजाची तक्रार हल्ली मोबाइलमुळे वाढली आहे. मोबाइलचा कॅमेरा प्रकाश कमी झाला की चौकटींचा वेग स्वतःच कमी करतो, आणि पुन्हा वाढवतो. संकलनाचा प्रोग्राम मात्र वेग एकसारखा आहे असे गृहीत धरतो. परिणामी पहिल्या मिनिटाला ओठ आणि शब्द जुळतात, आणि विसाव्या मिनिटाला वक्ता बोलून थांबल्यावर शब्द येतात. यावर उपाय एकच: मोबाइलची फाइल संकलनात घेण्यापूर्वीच तिचे २५ चौकटींच्या स्थिर वेगात रूपांतर करून घ्यावे. हँडब्रेकमध्ये "कॉन्स्टंट फ्रेम रेट" ही निवड त्यासाठीच आहे. निदानासाठी एक खूण लक्षात ठेवावी. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच मागे असेल तर तो सरकवून जुळवता येतो. हळूहळू मागे पडत असेल तर सरकवून भागत नाही, मुळाशी जावे लागते. ताप एकसारखा आहे की चढता आहे, हे आम्ही याचसाठी विचारतो.

व्हॉट्सॲपवरून आलेली चित्रणे संकलनात वापरू नयेत, अशी माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे. दवाखान्यात रुग्ण मला एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला, तीन गटांतून फिरून आलेला फोटो दाखवतात आणि विचारतात की हाड मोडले आहे का. त्या फोटोत हाड आहे एवढेच समजते. व्हॉट्सॲप पाठवताना व्हिडिओ दाबून लहान करते. आपण संकलन करून पुन्हा दाबतो. डीव्हीडीसाठी तिसऱ्यांदा दाबतो. प्रत्येक वेळी काही बारकावे जातात आणि ते कोणत्याही प्रोग्रामने परत येत नाहीत. ज्याने चित्रण केले त्याच्याकडून मूळ फाइल केबलने किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी.

आता प्रत्यक्ष डिस्क लिहिण्याकडे. एकेकाळी खालिद बिन वलीद रस्त्यावरच्या संगणकाच्या दुकानांत कोऱ्या डिस्कचे पन्नास-पन्नासचे डबे छतापर्यंत रचलेले असत. आता चांगल्या डिस्कसाठी चार दुकाने फिरावी लागतात. स्वस्तातील डिस्क घेऊ नये. जुन्या प्लेयरांना उणे चिन्हाची डीव्हीडी-आर सहसा अधिक मानवते. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क गावी पाठवू नये; तिच्यावरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि जुन्या प्लेयरचा म्हातारा झालेला डोळा ती वाचू शकत नाही. लिहिण्याचा वेग मध्यम ठेवावा. एक-एक्स वेगाने पूर्ण डिस्क भरायला सुमारे एक तास लागतो, आठ-एक्सने आठएक मिनिटे. सोळा-एक्सने वाचणाऱ्या दोन-तीन मिनिटांसाठी डिस्कची कड बिघडवू नये. फिल्म मध्यापासून कडेकडे लिहिली जाते, म्हणूनच "शेवटी अडकते" ही तक्रार पुष्कळदा वेगाशी निगडित असते. लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय निवडावा. कागदी लेबल चिकटवू नये: ते डिस्कचा तोल बिघडवते आणि येथील उकाड्यात सुटते. पाण्याच्या शाईच्या पेनने नाव लिहावे. राहिला विभागाचा प्रश्न. अमिरात विभाग २ मध्ये आणि भारत विभाग ५ मध्ये मोडतो, त्यामुळे येथून विकत घेतलेली चित्रपटाची डिस्क गावी चालत नाही, हे खरे. परंतु घरी लिहिलेल्या डिस्कवर असे कुलूप नसते. विभागामुळे आपली फिल्म चालली नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

येथपर्यंत जे सांगितले ते बरे होणाऱ्या आजारांविषयी होते. फिल्म पुन्हा करता येते. आता ज्यासाठी मी हा विषय स्वीकारला, ते सांगते.

आपल्यातून निघून गेलेल्या एका ज्येष्ठ सदस्यांच्या पत्नी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या. नाव सांगण्याचे कारण नाही. जुन्या मंडळींना ते आठवेल. त्यांच्या हातात आठ सेंटिमीटर व्यासाची एक लहान डिस्क होती. त्या काळी असे कॅमेरे निघाले होते ज्यांत कॅसेटऐवजी ही लहान डिस्क घालत, सर्वसाधारण प्रतीचे तीस मिनिटांचे चित्रण तिच्यावर मावे. २००६ च्या आपल्या कार्यक्रमात त्यांच्या यजमानांनी भाषण केले होते: गावच्या शाळेपासून बोटीतल्या प्रवासापर्यंत आणि येथील बांधकामावरच्या पहिल्या उन्हाळ्यापर्यंत. मुलाने ते चित्रित केले होते. पुढे कॅमेरा विकला गेला. डिस्क कोणत्याही प्लेयरमध्ये घातली की पडद्यावर "डिस्क नाही" असे येई. एका दुकानात त्यांना ती कोरी असल्याचे सांगण्यात आले, आणि वापरायची असल्यास फॉरमॅट करून देतो, असेही.

डिस्क उजेडात तिरपी धरली की लिहिलेला भाग आणि कोरा भाग यांच्या रंगात फरक दिसतो. ती तीन-चतुर्थांश भरलेली होती. रोग असा होता की तिचे फायनलायझेशन झालेले नव्हते. चित्रण संपल्यावर कॅमेऱ्याने डिस्कवर शेवटची अनुक्रमणिका लिहायची असते. ती लिहिली नाही तर त्याच जातीचा कॅमेरा तेवढी ती वाचू शकतो, बाकीच्या जगाच्या दृष्टीने ती कोरी असते. शिवाय ती आरडब्ल्यू जातीची डिस्क होती. दुकानदाराने फॉरमॅटचे बटण दाबले असते तर सगळे पुसले गेले असते. अशा डिस्कसाठी आयसोबस्टर नावाचा एक प्रोग्राम आहे. तो अनुक्रमणिकेची वाट न पाहता डिस्कवरचे लेखन थेट चाचपत जातो. पहिल्या ड्राइव्हने डिस्क पाहण्यासच नकार दिला, दुसऱ्यानेही. जुन्या लॅपटॉपमधील तिसऱ्या ड्राइव्हने पाहिली. शेवटचे काही क्षण वगळता भाषण मिळाले. त्या माउलींनी ते माझ्या दवाखान्यात, शेवटचा रुग्ण गेल्यावर, लॅपटॉपवर दोनदा ऐकले. मग मला म्हणाल्या, "बोटीचं मला त्यांनी कधी सांगितलंच नव्हतं, ताई."

त्याच कार्यक्रमाची संकलित डीव्हीडीही त्यांच्याकडे होती, मीना बाजाराच्या बाजूला असलेल्या एका स्टुडिओकडून करून घेतलेली. तिच्यात तेच भाषण आहे. परंतु ओठ हलतात आणि वर गाणे वाजते. त्या काळच्या संकलकांची ती रीतच होती. भाषण म्हणजे रटाळ भाग, त्यावर गीत टाकले, पाने उलटल्यासारखी दृश्ये फिरवली, की फिल्म देखणी झाली. मूळ आवाज मात्र त्या डिस्कवर नाही, आणि तो कोणतेही यंत्र तिच्यातून काढू शकत नाही.

आमच्या रोगनिदानशास्त्रात एक शिस्त आहे. शरीरातून काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून जपून ठेवतात. अहवाल हरवला, शंका आली, वर्षांनी नवी तपासणी निघाली, तर त्याच ठोकळ्यातून पुन्हा पातळ काप काढून पाहता येतो. संकलित डीव्हीडी हा अहवाल आहे. मूळ कॅसेट हा ठोकळा आहे. 'जयभीम कॉम्रेड'चाच दाखला पुन्हा देते. शाहीर विलास घोगरे १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये गाताना दिसतात. १९९७ साली, रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारानंतर, त्यांनी आपले जीवन संपवले. त्यानंतर सुरू झालेले चित्रीकरण चौदा वर्षे चालले, आणि २०११ च्या माहितीपटात ते पुन्हा गाताना आपल्याला दिसले. ते शक्य झाले, कारण जुने चित्रण जपलेले होते. आपण चित्रपट काढणारे नव्हे. परंतु आपल्यापैकी जे १९८० आणि १९९० च्या दशकांत येथे आले, त्यांच्याविषयी कोणत्याही ग्रंथालयात पुस्तक नाही. जे आहे ते या खोक्यांत आहे.

आणि वेळ मर्यादित आहे. व्हीसीआर बनवणारी शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन थांबवले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क आणि त्याबरोबर मिनी-डीव्ही कॅसेटींचे उत्पादन बंद केले. कॅसेटींवर दमट हवेने बुरशी चढते; पांढरी भुकटी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नये, पुढच्या दहा कॅसेटींना संसर्ग होतो. लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने फिके पडते. येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली डिस्क मी तरी रुग्ण म्हणून स्वीकारीत नाही.

तेव्हा करायचे काय? ज्यांच्याकडे लहान आठ सेंटिमीटरच्या डिस्क आहेत त्यांनी त्या सर्वांत आधी माझ्याकडे आणाव्यात, आणि त्याआधी संगणकाने "फॉरमॅट करू का?" असे विचारले तर "नाही" म्हणावे. त्यानंतर मिनी-डीव्ही आणि आठ मिलिमीटरच्या कॅसेटी, कारण त्या चालवणारे कॅमेरे झपाट्याने नाहीसे होत आहेत. मिनी-डीव्ही फायरवायर केबलने संगणकात घेतली तर तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. ती तशीच ठेवावी, जागा वाचवण्यासाठी दाबू नये. आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती जागा क्षुल्लक आहे. व्हीएचएस शेवटी घेतली तरी चालेल, परंतु यंदाच. एक प्रत येथे, दुसरी प्रत भारतात, वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर. संकलन त्या प्रतीवरून करावे, मुळाला हात न लावता. भाषणावर गाणे घालायचेच असेल तर मूळ आवाजाची फाइल शेजारी ठेवून मगच घालावे.

गावाकडे पाठवण्यासाठी यंदा डीव्हीडीबरोबर एक पेन ड्राइव्हही द्यावा असे ठरले आहे, कारण काही घरांत आता यूएसबीचा टीव्ही आला आहे. त्यावर एच-२६४ जातीची एमपी-फोर फाइल ठेवायची. जुना टीव्ही बहुधा फॅट-३२ पद्धतीचाच पेन ड्राइव्ह वाचतो आणि त्यात ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नाही, तेव्हा लांब फिल्मचे दोन भाग करावेत.

२०२१ पर्यंत आपले कार्यक्रम शुक्रवारी होत. २०२२ पासून येथील साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर गेली. कॅसेटीवर तारीख नसेल आणि नुसता वार लिहिलेला असेल तर एवढ्यावरूनही काही अंदाज बांधता येतो. खोके आणताना प्रत्येक कॅसेटीवर, आठवेल तेवढे, कार्यक्रम, साल आणि दिसणाऱ्या माणसांची नावे एका चिठ्ठीवर लिहून चिकटवून आणावीत. घरात वडीलधारे असतील तर त्यांना शेजारी बसवूनच लिहावीत. मुलांना ती माणसे ओळखू येत नाहीत. शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी दवाखान्यात असते. कॅसेट संगणकात उतरायला जेवढी लांबी तेवढाच वेळ लागतो, म्हणून एका वेळी तीनपेक्षा अधिक आणू नयेत.